झांझिबारचे दरवाजे आणि त्यामागचा हिशोब

प्रवासात प्रत्येकाच्या कॅमेऱ्याला एक खोड असते. कुणी ताटातल्या पदार्थांचे फोटो काढतं, कुणी दिसेल त्या सूर्यास्ताचे. माझी खोड दरवाज्यांची. बायकोच्या मते आमच्या सुट्टीच्या अल्बममध्ये माणसं कमी आणि बंद दारं जास्त असतात. असो. पण मंडळी, ही खोड ज्याला असेल त्याने आयुष्यात एकदा तरी झांझिबारला जावंच.

झांझिबार म्हणजे टांझानियाच्या मुख्य भूमीपासून बोटीने साधारण दोन तासांवरचं बेट. तिथल्या जुन्या शहराचं नाव स्टोन टाऊन. युनेस्कोने २००० साली ते जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. प्रवाळाच्या दगडाची, चुन्याने लिंपलेली उंच घरं आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या गल्ल्या अशा, की समोरून हातगाडी आली तर भिंतीला पाठ टेकवून उभं राहावं. भिंती तशा साध्याच, बऱ्याच ठिकाणी पोपडे उडालेल्या. आणि त्या साध्या भिंतीत मधेच एक दरवाजा असा काही येतो, की आपण जागच्या जागी थांबतो.

आधी हा दरवाजा कसा असतो ते सांगतो. जाडजूड लाकडी चौकट, आणि तिच्यावर तीन बाजूंनी कोरीव काम. वरच्या आडव्या पट्टीवर बहुतेक वेळा कुराणातली आयत, कधी साल, कधी मालकाचं नाव. आपल्या वाड्यांच्या दारावर जिथे गणेशपट्टी असते ना, नेमकी तीच जागा. दोन फळ्या, आणि त्या जिथे मिळतात तिथे मध्ये एक कोरलेला उभा दांडा. फळ्या बिजागरीवर नाही, तर वर-खाली बसवलेल्या खुंटांवर फिरतात. स्वाहिली भाषेत एका फळीला नर आणि दुसरीला मादी म्हणतात. कनेक्टरला मेल-फीमेल म्हणणाऱ्या आमच्या जमातीला हे ऐकून अगदी घरी आल्यासारखं वाटलं :) दाराच्या दोन्ही बाजूंना दगडी बाक असतात, त्यांना 'बाराझा' म्हणतात. म्हणजे सरळ सरळ आपला ओटा. संध्याकाळी त्याच्यावर गप्पा आणि सोंगट्यांसारखा 'बाओ'चा डाव रंगतो.

आणि फळ्यांवर पितळेचे मोठमोठे टोकदार गोळे. हे पाहिल्यावर पुण्याच्या माणसाला शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवणारच. तिथले खिळे हत्तींनी दाराला धडक मारू नये म्हणून होते. पण झांझिबारच्या या गल्ल्यांत हत्ती शिरणार कुठून? ही पद्धत भारतातून तिकडे गेली असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. जाताना तिचं काम गळून पडलं आणि थाट तेवढा राहिला. जुन्या सिस्टीममधला एखादा कोड कशासाठी लिहिला होता ते कुणालाच आठवत नाही, पण काढायची हिंमतही होत नाही, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथे तो दिसायला सुंदर आहे.

थाट हाच या दरवाज्यांचा मुद्दा होता. रिचर्ड बर्टन हा इंग्रज प्रवासी १८५६-५७ मध्ये इथे येऊन गेला. त्याच्या १८७२ साली आलेल्या पुस्तकात निरीक्षण आहे की घराचं दार जितकं मोठं, कुलूप जितकं वजनदार आणि खिळे जितके जाड, तितकी मालकाची प्रतिष्ठा मोठी. आज आपण पार्किंगमधली गाडी बघून जो अंदाज बांधतो, तो तेव्हा दारावरून बांधला जायचा.

आता थोडा इतिहास. ओमानचा सुलतान सय्यद सईद याने १८४० च्या सुमारास आपली राजधानी मस्कतहून उचलून झांझिबारला आणली. बेटावर लवंगेचे मळे लावले गेले. आफ्रिकेच्या आतल्या भागातून हस्तिदंत यायचं. आणि त्याच वाटांनी, त्याच तांड्यांबरोबर माणसंही यायची, विकायला. लवंग, हस्तिदंत आणि गुलाम या तीन गोष्टींवर स्टोन टाऊन उभं राहिलं.

या सगळ्याला गती देणारं इंजिन म्हणजे मोसमी वारा. साधारण डिसेंबर ते मार्च ईशान्येचा वारा कच्छ, मुंबई आणि अरबस्तानातली गलबतं आफ्रिकेकडे ढकलायचा. पुढे वारा फिरला की तीच गलबतं हस्तिदंत आणि लवंगा घेऊन परत. जाताना भारतातून कापड जायचं, सागवान जायचं, आणि सुतारही जायचे. झांझिबारच्या पुष्कळ दारांचं लाकूड आपल्याकडचं सागवान आहे आणि पुष्कळ दारांवरचा हातही आपल्याकडचा आहे.

ते दारांवर चक्क वाचता येतं. ओमानी अरबांच्या जुन्या घरांची दारं वरून सरळ, चौकोनी, कोरीव काम आखीव आणि भूमितीतलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी मात्र दाराच्या डोक्यावर अर्धगोल कमान येते आणि नक्षीत पानं, फुलं, वेली भरगच्च व्हायला लागतात. हा भारतीय वळणाचा परिणाम. शिवाय गुजराती पद्धतीची दारं वेगळीच ओळखू येतात: फळीवर चौकोनी खण आणि खणांवर पितळी गोळे. बाजारपेठेत दुकानांची घडीची दारं दिसतात, मांडवी किंवा भुजच्या बाजारातून उचलून आणल्यासारखी.

या बदलाच्या काळातला सुलतान होता बर्गश, राज्यकाळ १८७० ते १८८८. आणि इथे आपली मुंबई गोष्टीत शिरते. १८५९ मध्ये बर्गशने आपल्या भावाविरुद्ध, म्हणजे सुलतान माजिदविरुद्ध, बंड केलं. ते फसलं. इंग्रजांनी त्याला उचलून हद्दपार केलं, ते मुंबईला. सुमारे दोन वर्षं हा राजपुत्र मुंबईत राहिला, १८६१ मध्ये परतला आणि भाऊ वारल्यावर गादीवर बसला. पुढे त्याने शहरात नळाचं पाणी आणलं, राजवाडे बांधले. १८८३ मध्ये समुद्रासमोर उभी केलेली त्याची 'हाऊस ऑफ वंडर्स' ही इमारत म्हणजे ओतीव लोखंडाचे खांब, चारही बाजूंनी लांबच लांब व्हरांडे आणि आत अवाढव्य कोरीव दरवाजे. बर्गशच्या बांधकामांमागे मुंबईत पाहिलेल्या गोष्टी होत्या असं इतिहासकार सांगतात, आणि इमारत पाहिल्यावर ते सहज पटतं.

इथपर्यंत वाचताना छान वाटतं ना? आपलं सागवान, आपले सुतार, आपली मुंबई. मलाही गल्लीतून फिरताना छाती दोन इंच फुगल्यासारखं वाटत होतं. पण दार बनवणाऱ्याचा पत्ता लागला, की पुढचा प्रश्न येतोच: पैसे कुणी दिले? आणि ते आले कुठून?

झांझिबारच्या जकातीचा मक्ता १८३० च्या दशकापासून पुढे अनेक वर्षं जयराम शिवजी या कच्छी भाटियांच्या पेढीकडे होता. बंदरात उतरणाऱ्या मालावर ही पेढी जकात वसूल करायची, आणि त्या मालात गुलामही होते. थारिया टोपन हा मोठा खोजा व्यापारी. बंदरासमोरचा, नक्षीदार सज्जांचा जुना दवाखाना त्याच्याच देणगीचा, अजूनही लोक मान वर करून बघतात. हाच थारिया टोपन टिप्पू टिप या हस्तिदंत आणि गुलामांच्या सर्वात प्रसिद्ध व्यापाऱ्याला भांडवल पुरवत होता. टिप्पू टिपचं घरही स्टोन टाऊनमध्ये आहे, आणि हो, त्यालाही सुरेख कोरीव दरवाजा आहे.

भारतीय व्यापाऱ्यांकडे स्वतःचे गुलामही होते. मुंबई लष्करातला अधिकारी ख्रिस्तोफर रिग्बी १८५८ मध्ये तिथे ब्रिटिश वकील म्हणून गेला, तेव्हा त्याने भारतीय लोक ब्रिटिश प्रजा आहेत, त्यांना गुलाम बाळगता येणार नाहीत, अशी भूमिका घेतली आणि हजारो गुलाम मोकळे करायला लावले. त्यावर कच्छी व्यापारी इंग्रजांची प्रजा की कच्छच्या रावांची, असा कायदेशीर वाद झाला. माणूस विकत ठेवावा की नाही हा प्रश्न बाजूलाच राहिला.

१८७३ मध्ये गुलामांचा बाजार बंद करण्याच्या वाटाघाटीसाठी लंडनहून कोण आलं? सर बार्टल फ्रिअर, मुंबईचा माजी गव्हर्नर. आपलं फ्लोरा फाउंटन आधी याच्या नावाने ओळखलं जाणार होतं. बर्गशने त्याला नकार दिला. मग नाकेबंदीची धमकी आली आणि ५ जून १८७३ रोजी त्याने करारावर सही केली. बाजार बंद झाला आणि त्या जागेवर अँग्लिकन चर्च बांधलं गेलं. गुलामीच कायद्याने रद्द व्हायला मात्र १८९७ साल उजाडलं.

या साखळीचं एक टोक नाशिकला आहे. अरबी समुद्रात इंग्रजी आरमार गुलाम नेणारी गलबतं पकडायचं, आणि सोडवलेली मुलं मुंबईला उतरवली जायची. त्यातल्या अनेकांना नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनमध्ये ठेवलं गेलं. तिथे त्यांना लिहावाचायला आणि सुतारकी, लोहारकीसारखे धंदे शिकवत. नाशिकचा शरणपूर रोड आपण रोज ट्रॅफिकला शिव्या देत ओलांडतो, तेच हे शरणपूर. तिथे शिकलेला जेकब वेनराइट डेव्हिड लिव्हिंगस्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या अंत्यविधीला हजर होता. शरणपूरचे बरेचजण पुढे मोंबासाजवळच्या फ्रिअरटाऊन या वस्तीत जाऊन राहिले. म्हणजे एकीकडे आपले सुतार तिकडे जाऊन श्रीमंतांची दारं कोरत होते, आणि दुसरीकडे तिकडून पळवलेली मुलं आपल्याकडे येऊन रंधा धरायला शिकत होती. दोन्हीकडचा वारा तोच.

आता दारावरच्या साखळीबद्दल. चौकटीच्या कडेने बऱ्याचदा साखळीची नक्षी असते. वाटाडे हमखास सांगतात, "साखळी दिसली की समजा, हे गुलामांच्या व्यापाऱ्याचं घर." ग्रुपमधले सगळे गंभीर होतात, फोटो काढतात. पण ही साखळी सरसकट इतक्या दारांवर आहे, की तिच्यावरून मालकाचा धंदा ओळखता येत नाही. घराच्या रक्षणाचं चिन्ह म्हणूनही तिचा अर्थ लावतात. माशाचा, लाटांचा, कमळाचाही असाच अर्थ लावला जातो.

मला मात्र या गोष्टीत दुसराच धोका दिसतो. साखळीवाली दारं वाईट म्हटली, की बाकीची आपोआप निर्दोष ठरतात. कमळवाल्या दारापाशी आपण निवांत पोज देतो. खरं तर त्या काळात लवंगेचा मळा गुलाम राबवत होते, हस्तिदंत गुलामांच्या खांद्यावरून किनाऱ्याला येत होतं, आणि जकात दोन्हींवर घेतली जात होती. कमळाचं दारही त्याच पैशाचं असू शकतं. दोष नक्षीत शोधून सापडणार नाही, तो खातेवहीत आहे.

आणि हिशोब एका बाजूने संपतही नाही. १२ जानेवारी १९६४ ला झांझिबारमध्ये क्रांती झाली. सुलतान पळाला, हजारो अरब आणि भारतीय मारले गेले किंवा देश सोडून गेले, घरं सरकारजमा झाली. ज्यांचा गुलामांशी कधी संबंध आला नव्हता असे छोटे दुकानदारही त्यात भरडले. एक पारशी कुटुंब इंग्लंडला गेलं, त्यांचा मुलगा फारूख बलसारा. स्टोन टाऊनमध्ये १९४६ साली जन्मलेला, पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये शिकलेला आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगाला माहीत झालेला. त्याच्या नावाच्या म्युझियमच्या दाराशी फोटोसाठी रांग असते. मीही उभा होतो, क्वीनची गाणी ऐकून वाढलेल्या माणसाला पर्याय नसतो.

रिकाम्या, दुरुस्ती नसलेल्या घरांची मग पडझड झाली. भिंत कोसळते, सागवानी दरवाजा टिकतो, आणि मग तो विकला जातो. १९८० च्या दशकापासून जतनाचं काम सुरू आहे, नव्या कारागिरांना कोरीवकाम शिकवलं जातंय. तरी २५ डिसेंबर २०२० रोजी हाऊस ऑफ वंडर्सचा एक भाग दुरुस्ती चालू असतानाच कोसळला आणि दोन माणसं गेली.

जुन्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्याने काय करावं? प्रेम सोडायची काहीच गरज नाही. तो सुतार खरोखर कसबी होता, त्याच्या पटाशीने कुणाला विकलं नव्हतं. पण परदेशात एखाद्या दारावर आपला हात ओळखू आला आणि "हे आमच्याकडचं" असं म्हणावंसं वाटलं, तर जकातीची पेढी आणि तिचं भांडवलही आमच्याकडचंच होतं, हेही त्याच वाक्यात म्हणावं. वारसा निवडक घेता येत नाही, चौकटीसकट घ्यावा लागतो.

माझ्याकडे झांझिबारच्या दारांचे एकशे चौदा फोटो आहेत. जो घरी येईल त्याला दाखवतो. हल्ली फक्त फोटोबरोबर गोष्टही सांगतो, त्यामुळे पाहुणे जरा लवकर उठतात, एवढंच.