तालमीची शिस्त

'तालीम' हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ शिक्षण. मराठीने तो व्यायामाच्या जागेलाच बहाल केला, यात आपल्या बलोपासनेचे मर्म दडले आहे, असे आम्हांस वाटते.

राजर्षी शाहूंच्या काळात, १९१२ साली, कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले. तेथल्या कुस्त्या हजारोंनी पाहिल्या. त्यांमागची पहाट मात्र तालमीपुरतीच राहिली. हौद्यातील तांबडी माती खोऱ्याने उकरायची, तिच्यात तेल, ताक, हळद मुरवायची, मग जोर-बैठका, मग लढत. एखादा पठ्ठ्या आला नाही, तर त्याचा जोडीदार खोळंबे आणि वस्तादांच्या नजरेतून ते सुटत नसे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव लहानपणी अशाच मातीत घडले.

वर्षाचे शुल्क एकरकमी भरून महिन्याभरात जिमला रामराम ठोकणारे आम्ही, दोष देतो तो आपल्या दुबळ्या निग्रहाला. तालमीने सातत्याचा भार एकट्याच्या निग्रहावर कधी टाकलाच नव्हता. तो माती, जोडीदार आणि वस्ताद यांनी वाटून घेतला होता. उद्या आम्ही गेलो नाही, तर कोण खोळंबणार आहे?