घरच्या बीअरला फेस हवा, तर साखर तोलून घाला

कारखान्यात बीअरमध्ये वायू दाबानं भरतात. घरी तेच काम यीस्ट करतं. आंबून झालेल्या बीअरमध्ये थोडी साखर घालून बाटलीचं झाकण घट्ट बसवलं, की उरलेलं यीस्ट ती साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. बाहेर पडायला वाट नसल्यानं तो बीअरमध्येच मुरतो. या साखरेला प्रायमिंग शुगर म्हणतात. चहाची साखरही चालते.

प्रमाण साधारण लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे २० लिटरला १२० ग्रॅम. इथं चमच्याचा हिशेब नको, वजनकाटाच हवा. ३३० मिलिलिटरच्या बाटलीला जेमतेम २ ग्रॅम साखर पुरते. शिगोशीग चमचा टाकलात तर ती सहज तिप्पट होते आणि बाटली फुटू शकते. काचेचे तुकडे उडाले की डोळ्यावर बेततं. म्हणून बाटलीगणिक साखर टाकत बसू नका. सगळी साखर थोड्या पाण्यात १० मिनिटं उकळा, निवू द्या, निर्जंतुक केलेल्या भांड्यात ओता आणि वरून नळीनं बीअर हळूच सोडा. खळखळाट झाला तर हवा मिसळते आणि चव ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते.

साखर अचूक असूनही बाटल्या फुटतात, त्याचं कारण बहुधा घाई. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं असं नव्हे. हायड्रोमीटरचा आकडा सलग तीन दिवस तोच आला, तरच भरा.

बाटल्या बीअरच्याच, जाड काचेच्या. सॉस-जॅमच्या बिलकुल नकोत. वर दोन-अडीच सेंटिमीटर जागा सोडा. एक बाटली सोड्याची, प्लास्टिकची भरा: ती दाबून कडक लागली की दाब तयार झाला समजा. २० अंशांच्या आसपास दोन आठवडे, झाकणाच्या खोक्यात ठेवा. मग दोन दिवस फ्रीजमध्ये उभ्या. तळाचा गाळ यीस्टचाच असतो, ओतताना मागे ठेवा.

आता कायद्याचं. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बीअरला परवाना लागत नाही. तिकडे असलेल्या आपल्या मुलाबाळांना हा छंद खुशाल करता येतो. आपल्याकडे मद्य हा राज्यांचा विषय. बेळगावला कर्नाटकचा कायदा, पणजीला गोव्याचा, वडोदऱ्यात तर दारूबंदीच. सीमा ओलांडली की नियम बदलतो, पण परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हाच. आपल्या राज्याच्या अबकारी खात्यात विचारल्याशिवाय भांडं चुलीवर चढवू नका.