अडाणी कोण? भोपाळच्या दप्तरातील एक उलटतपासणी

संगणक प्रथमच हाताळणाऱ्या मनुष्याच्या फजितीच्या गोष्टी आता लोककथांसारख्या जगभर पसरल्या आहेत. 1994 मध्ये अमेरिकेतील ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या दैनिकाने अशा कित्येक गोष्टी एकत्र छापल्या होत्या. पडद्यावर ‘कोणतीही कळ दाबा’ अशी सूचना येताच ‘कोणतीही’ या नावाची कळ कोठे आहे, असे विचारणारे इतके निघाले, की कॉम्पॅक कंपनीने ती सूचनाच बदलण्याचा विचार चालविला. कोणी फॅक्सने पाठवावयाचा कागद पडद्यासमोर धरून कळ दाबली. कोणी ‘माउस’ जमिनीवर ठेवून शिवणयंत्राच्या पायट्याप्रमाणे पायाने दाबून पाहिला. वाचून हसू येते, आणि ते यावेच. परंतु आम्ही पडलो वकील. एकाच पक्षाची कैफियत ऐकून निकाल देणे आम्हांस रुचत नाही. हसणाऱ्या पक्षाची, म्हणजे यंत्राची आणि यंत्र घडविणाराची, उलटतपासणीही व्हावयास हवी. आणि तिच्यासाठी भोपाळसारखे दुसरे ठिकाण आम्हांस दिसत नाही.

भोपाळ संस्थानाने 1876 मध्ये आपली टपाल तिकिटे काढली. गादीवर तेव्हा नवाब शाहजहान बेगम होत्या. तिकिटाच्या मध्यभागी त्यांचे नाव उर्दूत, शाईवाचून, केवळ ठशाच्या उठावाने उमटविलेले असे. आणि भोवती इंग्रजी अक्षरांत त्यांची उपाधी. छपाई शिळाप्रेसवरची. शिळेवर प्रत्येक तिकीट निरनिराळे रेखाटलेले असल्यामुळे एकाच ताव्यावरील दोन तिकिटे तंतोतंत सारखी नाहीत. रेखाटणाराला इंग्रजी लिपीचा गंध नसावा, असे ती तिकिटेच सांगतात. ‘बेगम’ या शब्दात बी नंतर ई हवा, तेथे कोठे एफ आहे, तर कोठे पुन्हा बीच आहे. ‘नवाब’ शब्दातील एक ए कोठे अजिबात गळाला आहे. राज्यकर्तीचे नाव तिच्याच राज्याच्या तिकिटावर चुकावे यापरते हास्यास्पद काय असणार? तिकिटे जमविणारे लोक आजही या चुका हौसेने शोधतात. पण त्या कारागिराकडे जरा न्यायबुद्धीने पाहावे. त्याला कोणी अक्षरे लिहावयास सांगितलीच नव्हती. त्याला चित्रे उतरवावयास दिली होती. ई आणि एफ यांत अंतर ते काय? तळची एक रेघ. जो वाचतो त्याला ती रेघ दिसते. जो केवळ आकार उतरवितो त्याला ती दिसेलच असे नाही.

संस्थानाचे हे टपाल 1908 पर्यंत चालले. पुढे केवळ सरकारी कामाची तिकिटे तेवढी निघत राहिली. 1949 मध्ये भोपाळ भारत सरकारकडे आले आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर, आणि तेथे हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा. विदर्भ मुंबई राज्यास जोडला गेला, पण सचिवालय भोपाळास निघाले आणि त्याच्याबरोबर दप्तरेच्या दप्तरे व ती सांभाळणारी मराठी माणसेही निघाली. नव्या गावी त्यांनी गणेशोत्सव मांडले, मुलांच्या मुंजी केल्या आणि कचेरीत टंकयंत्रे बडविली.

या टंकयंत्राशीच आमच्या खटल्याचा संबंध आहे. देवनागरी टंकयंत्रावरील रेमिंग्टन पद्धतीचा कळफलक शिकावयास महिनेच्या महिने लागत. एकदा बोटांत बसला की तो जन्माचा धनी. त्यावर नोकरी मिळे, संसार चाले. अशा मंडळींपुढे संगणक आला तो देवासारखा आला. थंड हवेच्या त्या खोलीबाहेर वहाणा काढून ठेवाव्या लागत. धूळ आत जाऊ नये एवढाच त्यातला हेतू. पण देवळाच्या पायरीवर वहाणा काढणाऱ्या आपल्या लोकांनी तो नियम निराळ्याच भावनेने पाळला, आणि दसऱ्यास यंत्रावर हळदकुंकू व झेंडूची फुलेही वाहिली. यात हसण्यासारखे काही आहे असे आम्हांस वाटत नाही.

फजिती झाली ती पुढे. जुन्या टंकलेखकाची बोटे वाया जाऊ नयेत म्हणून ‘कृतिदेव’सारखे टंक निघाले. त्यांतील युक्ती मोठी धूर्त होती. कळा जुन्याच, पडद्यावर उमटे देवनागरी, पण यंत्राच्या पोटात साठविले जाई ते इंग्रजी अक्षर! लिपिकाने हिंदी रीतीने ‘भोपाल’ लिहिले, की यंत्र नोंद करी: एच, के, के, एस, आय, के, वाय. या सात इंग्रजी अक्षरांवर देवनागरी तुकड्यांचे मुखवटे चढविले, की भोपाल दिसे. तोच कागद मुखवटे नसलेल्या दुसऱ्या यंत्रावर उघडला, की खरे रूप बाहेर पडे, आणि साहेबांचा दूरध्वनी येई: “पत्र हिंदीत मागविले होते, हे इंग्रजीत का पाठविले? आणि ही इंग्रजी तरी कोणती?” लिपिक शपथेवर सांगे की आपण हिंदीतच लिहिले. संगणक दुरुस्त करणारा तरुण हसे. वस्तुतः लिपिक खरेच बोलत होता. ‘भोपाल’ वाचता न येणारा त्या खोलीत एकच होता, आणि तो मेजावर बसला होता. 1876 च्या कारागिराप्रमाणे तो न वाचता आकार उतरवीत होता, इतकेच.

कोंकणीच्या वाचकांस हे अधिक सांगावयास नको. जी भाषा देवनागरी, रोमी, कन्नड अशा निरनिराळ्या वेषांत वावरते, तिच्या लोकांस वेष म्हणजे देह नव्हे हे ठाऊक असते.

उपाय नव्हता असेही नाही. केंद्र सरकारने भारतीय लिप्यांसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ हा सामायिक कळफलक 1986 मध्ये ठरविला. 1988 मध्ये अक्षरांचे संकेत नेमले. पुण्याच्या ‘सी-डॅक’ संस्थेने त्यांवर पुष्कळ काम केले. आणि 1991 मध्ये ‘युनिकोड’च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीस स्वतःचे स्थान मिळाले. म्हणजे यंत्र साक्षर होऊ शकत होते. पण त्यासाठी लिपिकाने आपली बोटे नव्याने घडवावयाची, आणि निवृत्तीस आलेल्या मनुष्याकडून ही अपेक्षा करणारे स्वतः मात्र एकही कळ नव्याने शिकत नव्हते! मध्यप्रदेशात नोकरीसाठी संगणक-प्रावीण्याची जी परीक्षा घेतली जाते, तिच्यात हिंदी टंकलेखनास रेमिंग्टन व इन्स्क्रिप्ट या दोन्ही पद्धती चालतात. ही तडजोड आम्हांस शहाणपणाची वाटते.

राहिली जुनी दप्तरे. कृतिदेवातील मजकूर युनिकोडात आणणारी परिवर्तके मिळतात, आणि ती बहुतांशी बरे काम करतात. पण ऱ्हस्व वेलांटी जुन्या पद्धतीत अक्षराच्या आधी टंकली जाई आणि रफार नंतर. नव्या पद्धतीत क्रम नेमका उलटा. परिवर्तक येथे चुकला, की ‘वर्मा’चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. टपाल तिकिटावरील चुकीला संग्राहक दाम मोजतो. जमिनीच्या उताऱ्यावरील चुकीचे दाम खातेदारास मोजावे लागतात. तो आमच्यासारख्याच्या मेजासमोर येऊन बसतो आणि मुद्रांक-कागदावर शपथपूर्वक लिहून देतो, की या दोन निरनिराळ्या नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.