लेव्हल पाचची पाटी

मागच्या रविवारी आमच्या पालिकेच्या ऑनलाइन पाणीपट्टीवर लिहिलं होतं. एकाच घराला दोन बिलं, भरलेले पैसे पुन्हा थकबाकीत, आणि खिडकीवरचं ठरलेलं उत्तर : "सिस्टिममध्ये तसंच दिसतंय." ते वाचून सोसायटीतला एक मुलगा जिन्यात भेटला. म्हणाला, "काका, टेंडरमध्ये तर कंपनी सीएमएमआय लेव्हल ५ हवी अशी अट होती. मग हे असं कसं?"

जिन्यात उभं राहून देण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून इथे लिहितोय. मी सॉफ्टवेअर कंपन्यांत २२ वर्षं काढली, त्यातली ६ क्वालिटी विभागात. आम्हाला सगळे 'प्रोसेसवाले' म्हणायचे, आणि ते कौतुकाने नसायचं. त्यामुळे या गोष्टीत मी थोडा आरोपीही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

गोष्ट सुरू होते अमेरिकेच्या संरक्षण खात्यापासून. १९८० च्या दशकात विमानं, क्षेपणास्त्रं, रडार सगळं सॉफ्टवेअरवर चालू लागलं होतं, आणि ते सॉफ्टवेअर वेळेवर येत नव्हतं, खर्चात बसत नव्हतं, आलं तर चुकांनी भरलेलं येत होतं. सैन्याची अडचण साधी होती. बोल्ट विकत घेताना तो मोजता येतो, तोडून बघता येतो. सॉफ्टवेअरचं कंत्राट देताना हातात काहीच नसतं. वस्तू अजून बनलेलीच नसते! मग माल बघता येत नसेल तर निदान कारखाना बघू, अशी कल्पना पुढे आली. १९८४ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली, आणि १९८६ मध्ये तिथे वॉट्स हम्फ्री हा माणूस आला. आयबीएममध्ये २७ वर्षं घालवून आलेला.

हवाई दलाला हवी होती कंत्राटदार पारखायची पद्धत. १९८७ मध्ये हम्फ्री आणि सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली काढली, उत्तरं फक्त 'हो' किंवा 'नाही'. पुढे तिचंच वाढून १९९१ मध्ये कॅपॅबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल, म्हणजे सीएमएम झालं. पाच पायऱ्यांची कल्पना मात्र जुनी. फिलिप क्रॉस्बी या क्वालिटीवाल्याने १९७९ च्या आपल्या पुस्तकात व्यवस्थापनाच्या परिपक्वतेचा पाच टप्प्यांचा तक्ता दिला होता, तिथून ती आली.

पाच पायऱ्या म्हणजे काय, ते खानावळीवरून सांगतो. पहिल्या पायरीवर जेवण चांगलं, कारण आचारी चांगला. तो गावी गेला की बोंब. दुसरीवर प्रत्येक ऑर्डरची वही असते : माणसं किती, तांदूळ किती, पंगत कधी. तिसरीवर सगळ्या शाखांची पद्धत एक, लिहिलेली, आणि नवा आचारी ती शिकूनच भट्टीपाशी उभा राहतो. चौथीवर मोजमाप : किती ताटांत भाजी उरली, पोळीला किती वेळ लागला, आणि ते आकडे नेहमीच्या हद्दीत आहेत का. पाचवीवर भाजी खारट झाली तर आचाऱ्याला शिव्या न घालता, मीठ दोनदा पडेल अशी व्यवस्था आपल्याकडे का आहे, हे शोधून ती व्यवस्था बदलतात.

या मॉडेलमध्ये काय असावं ते लिहिलंय, कसं करावं ते नाही. नेमकी ही गोष्ट आपण विसरलो. पण त्याकडे येतोच.

चौथ्या पायरीच्या मुळाशी वॉल्टर शूहार्ट आहे. १९२४ मध्ये बेल कंपनीत काम करताना त्याने कंट्रोल चार्ट काढला. कारखान्यातला कुठला चढउतार नेहमीचा आणि कुठला बिघाडाचा, हे त्यावरून कळतं. गंमत बघा, हाच शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेला होता, महालनोबिसांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या निमंत्रणावरून. पुढे त्या संस्थेने संख्याशास्त्रीय गुणनियंत्रणाची केंद्रं काढली, त्यात मुंबईही होतं. म्हणजे हे ज्ञान आपल्या दारात सॉफ्टवेअरच्या कितीतरी आधी येऊन बसलं होतं.

आता पाचवी पायरी खरी असते तेव्हा कशी दिसते? ह्यूस्टनमध्ये अंतराळयानाचं, म्हणजे स्पेस शटलचं सॉफ्टवेअर लिहिणारा आयबीएमचा गट १९८९ मध्येच लेव्हल ५ ठरला होता. तिथे लिहिणारे वेगळे आणि चुका शोधणारे वेगळे, आणि दोघांत चुरस. चूक सापडली की ती कुणी केली यावर थांबायचं नाही. ही कार्यपद्धतीतून निसटली कशी, आणि तशाच आणखी कुठे निसटल्या असतील, हे बघायचं. प्रत्येक चुकीची नोंद वर्षानुवर्षं जपलेली. माणसं उड्डाणाला बसणार होती. कुणाला पाटी दाखवायची नव्हती.

आपल्याकडे सुरुवात बंगळूरला झाली. तिथलं मोटोरोलाचं केंद्र १९९३ मध्ये लेव्हल ५ ठरलं, जगातल्या अगदी पहिल्या काहींपैकी. १९९१ नंतर आपल्या कंपन्या अमेरिकेत काम मागायला निघाल्या तेव्हा तिथल्या गिऱ्हाइकाला भारत म्हणजे काय हेच धड ठाऊक नव्हतं. कोऱ्या चेहऱ्याच्या माणसाला ओळखपत्र लागतं. आधी आयएसओ ९००० झालं, मग सीएमएम. या शतकाच्या सुरुवातीला जगातल्या लेव्हल ५ संस्थांपैकी निम्म्याहून जास्त भारतात होत्या. अमेरिकेत जन्मलेल्या मॉडेलच्या परीक्षेत आपण पहिले आलो. परीक्षा म्हटली की आपला हात कोण धरणार!

फायदा झालाच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. १९९६ मध्ये आमच्याकडचा एक सीनियर नोकरी सोडून गेला आणि अख्खं प्रोजेक्ट त्याच्या डोक्यातून आमच्या डोक्यात यायला तीन महिने गेले. लेव्हल ३ च्या तयारीत आम्ही पहिल्यांदा लिहून ठेवायला शिकलो, एकमेकांचा कोड वाचायला शिकलो. तपासणीत सापडलेली चूक गिऱ्हाइकाकडे सापडलेल्या चुकीपेक्षा किती स्वस्त पडते हे मी आकड्यांत बघितलंय. नवीन आलेली पोरं घाबरेनाशी झाली.

मग लेव्हल ५ आलं. वरून तारीख ठरून आली : अमुक महिन्यात हवंच, मोठं कंत्राट अडलंय. शेवटचे पंधरा दिवस आमचं ऑफिस म्हणजे तपासणीच्या आदल्या दिवशीची शाळा. झालेल्या नसलेल्या मीटिंगांची टिपणं मागच्या तारखेने तयार झाली. त्यातली काही मी टाइप केली आहेत. कुणाला काय विचारतील आणि त्याने काय सांगायचं याच्या रंगीत तालमी झाल्या. एका टेस्टर मुलीने तिच्या मॉड्यूलमध्ये इतक्या चुका नोंदवल्या की तिच्या टीमचा आलेख हद्दीबाहेर गेला. वास्तविक आलेख असतो तो याचसाठी. बघायला हवं होतं की तिथे काय बिघडलंय. मी तिला बोलावलं आणि त्यातल्या बऱ्याच चुका 'सूचना' या रकान्यात टाकायला सांगितल्या. तिने एकदा विचारलं, "सर, पण या चुकाच आहेत ना?" मी म्हणालो, तारखेनंतर बघू. आलेख सरळ झाला, आम्ही पास झालो, पेढे वाटले. त्या 'सूचनां'पैकी दोन गिऱ्हाइकाकडे जाऊन फुटल्या, तेव्हा ती मुलगी कंपनी सोडून गेली होती.

परदेशात यावर टीका आधीपासून होती. १९९४ मध्ये जेम्स बाक याने हे मॉडेलच अपरिपक्व आहे असं लिहिलं : कार्यपद्धतीची पूजा करतं आणि माणूस विसरतं. खुद्द हम्फ्रीने पुढची वर्षं संस्थेऐवजी एकेका प्रोग्रॅमरने स्वतःच्या चुका आणि वेळ कसा मोजावा, यावर घालवली. मला वाटतं, त्यालाही कळलं होतं की कंपनी वरच्या पायरीवर गेली तरी टेबलावर बसलेला माणूस तसाच काम करत राहतो. २००१ मध्ये अजाइलवाल्यांनी वेगळाच झेंडा लावला. सीएमएमचं सीएमएमआय झालं, ते आता ईसाका या संस्थेकडे आहे.

आणि एक गोष्ट, जी टेंडर लिहिणाऱ्या साहेबांना माहीत असायला हवी. 'सीएमएमआय प्रमाणित कंपनी' ही भाषाच ढिली आहे. मूल्यमापन होतं ते कंपनीच्या ठरावीक विभागाचं, ठरावीक प्रोजेक्टं बघून, आणि ते कायम टिकत नाही, त्याला मुदत असते. एका शहरातला चारशे माणसांचा विभाग तपासला जातो आणि पाटी लागते हजारोंच्या कंपनीवर. तुमचं पाणीपट्टीचं सॉफ्टवेअर त्या विभागाने लिहिलं की कुणा उपकंत्राटदाराने, हे टेंडरमध्ये कुणी विचारतच नाही.

आपल्याकडे गावोगावी 'आयएसओ मानांकित' ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी अशा पाट्या दिसतात, त्याही याच वाटेवरच्या. जिनिव्हाची आयएसओ संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, ते देतात बाहेरच्या संस्था. त्या पाट्यांना मी सरसकट हसत नाही. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत त्या निमित्ताने स्वच्छतागृहाची रोजची नोंद सुरू झाली आणि पाटीचा रंग उडाला तरी ती वही चालू आहे. दुसऱ्या एका शाळेत पाटी चकचकीत आहे आणि नळाला पाणी नाही.

तर त्या मुलाच्या प्रश्नावर मी एवढं केलंय : सोमवारी माहिती अधिकाराचा अर्ज दिलाय. लेव्हलचं प्रमाणपत्र नाही मागितलं. तीन गोष्टी मागितल्यात. मूल्यमापन झालेला विभाग कुठला आणि तारीख काय. हे सॉफ्टवेअर नेमकं कुणी लिहिलं. आणि पहिल्या सहा महिन्यांत आलेल्या तक्रारींची नोंदवही, त्यातल्या किती तक्रारी 'चूक' म्हणून नोंदल्या आणि किती 'सूचना' म्हणून. तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो, नाही आलं तर अपिलाची तारीख टाकतो. दुहेरी बिल आलेल्यांनी पावत्यांचे फोटो जपून ठेवा.