तंत्वर्बुद, प्रसवोत्तर

गर्भाशयाच्या स्नायूपासून वाढणाऱ्या, मारक नसलेल्या गाठीस तंत्वर्बुद म्हणतात. प्रसूतीनंतर अशा गाठीमुळे गर्भाशयाचे आकुंचन अपुरे राहून अतिरक्तस्राव होतो किंवा वार अडकते. गाठीचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास तीव्र वेदना व ताप येतो; क्वचित गाठीत पू होतो अथवा ती गर्भाशयमुखातून खाली उतरते. बाळंतिणीचे गर्भाशय मुळातच मोठे असल्याने केवळ हाताने तपासून गाठ ओळखणे अवघड असते आणि रक्तस्राव नुसत्या शैथिल्याचा मानला जाण्याचा संभव असतो.

निदानाची ही अडचण श्राव्यातीत ध्वनीने दूर केली. ग्लासगो येथील इअन डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये शस्त्रक्रियेने काढलेली तंत्वर्बुदे बाष्पित्राच्या कारखान्यात नेऊन धातूतील दोष शोधणाऱ्या यंत्राने तपासली. त्यांचा निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. गाठ, अडकलेली वार व साकळलेले रक्त यांतील भेद पुढे सोनोग्राफीने दिसू लागला.

अमेरिकेत वॉशिंग्टन ॲटली यांनी १८४४ मध्ये उदर छेदून केवळ गाठ काढली. तरी पुढे संपूर्ण गर्भाशय काढण्याचीच पद्धत रूढ झाली. इंग्लंडमध्ये व्हिक्टर बॉनी (१८७२–१९५३) यांनी गर्भाशय राखण्याचा आग्रह धरला. मात्र प्रसूतीनंतर लगेच गर्भाशयाचा रक्तपुरवठा विपुल असल्याने गाठ काढणे शक्यतो टाळतात. पुष्कळ गाठी काही महिन्यांत आपोआप आक्रसतात. वेदनेवर विश्रांती व वेदनाशामके, पू झाल्यास प्रतिजैव औषधे व शस्त्रक्रिया, रक्तस्रावावर ऑक्सिटोसीन, ट्रॅनेक्झॅमिक अम्ल, फुग्याचा दाब किंवा रोहिणी अंतर्कीलन हे उपचार आहेत. गर्भाशय काढणे हा अखेरचा उपाय होय.

महाराष्ट्रात या ज्ञानाचा प्रसार विषम झाला. मुंबईत कामा रुग्णालयाच्या प्रमुख जेरुशा झिराड यांनी १९३७-३८ मध्ये शहरातील मातामृत्यूंच्या कारणांची पाहणी केली. त्या वेळी कळमनुरी हैदराबाद संस्थानात होते. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये व कळमनुरीस अधिक जवळच्या नांदेड येथे १९८८ मध्ये स्थापन झाले. हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ मध्ये सुरू झाली. अंतर्कीलनासारखी साधने मोठ्या शहरांतच असल्याने अशा तालुक्यात गरोदरपणीच सोनोग्राफीने गाठीची नोंद करणे, प्रसूतीचे ठिकाण आधी ठरविणे व रक्ताची तजवीज ठेवणे यांवर मातेचे प्राण अवलंबून असतात.