हुकची तार आणि यंगचा खांब

हुकचा नियम आणि यंगचा गुणांक आपण बहुधा एकाच तासाला शिकवतो. फळ्यावर दोहोंत वीतभर अंतर असते. इतिहासात ते १२९ वर्षांचे आहे. बल वाढवले की लांबी त्याच प्रमाणात वाढते, हे एकदा कळल्यावर पुढची पायरी गाठायला एवढा काळ का लागावा? वर्गात हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, पण तो विचारण्याजोगा आहे.

रॉबर्ट हुक हा लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रयोग करून दाखवण्याच्या कामावर नेमलेला. १६७५ साली हॉयगेन्सने सर्पिल स्प्रिंगचे घड्याळ जाहीर केले, तेव्हा ही कल्पना मुळात आपली, असा हुकने दावा केला. पुढच्याच वर्षी एका पुस्तकाच्या शेवटी त्याने स्प्रिंगविषयीचा आपला नियम छापला. पण कसा? एका लॅटिन वाक्यातली चौदा अक्षरे वर्णानुक्रमे मांडून! शोधावर हक्क राहावा आणि शोध मात्र कोणाला कळू नये, अशी ही त्या काळची रीत. कोडे त्याने स्वतःच १६७८ साली फोडले. जितके लांबवणे तितके बल, असा त्याचा अर्थ. नियम आपल्याला अठरा वर्षांपूर्वीच सापडला होता, हेही त्याने सांगून टाकले.

प्रयोग मात्र अगदी साधे होते. उंचावरून वीस ते चाळीस फूट लांबीची तार टांगायची, खाली पारडे बांधायचे, वजने वाढवत जायचे आणि पारडे किती खाली आले ते मोजायचे. एवढी लांब तार कशाला? हिशेब करून पाहू. एक मिलिमीटर व्यासाच्या पितळी तारेला पाच किलोग्रॅम वजन लावले, तर दर मीटरला ती जेमतेम ०.६ मिलिमीटर लांबते. मीटरभर तारेत ही वाढ डोळ्यांना धड दिसणारही नाही. चाळीस फुटांत, म्हणजे सुमारे १२ मीटरमध्ये, ती सात मिलिमीटरच्या पुढे जाते आणि साध्या पट्टीने मोजता येते.

पण मेख इथेच आहे. हुकचा नियम त्या विशिष्ट तारेविषयी बोलतो, पितळेविषयी नाही. तार जाड घेतली किंवा आखूड घेतली की आकडा बदलला. पदार्थाचा म्हणून आकडा हवा असेल, तर बलाला छेदाच्या क्षेत्रफळाने आणि वाढीला मूळ लांबीने भागायला हवे. गंमत म्हणजे यातले अर्धे गॅलिलिओला आधीच ठाऊक होते. दोर किती वजनाने तुटेल हे त्याच्या लांबीवर नव्हे, तर जाडीवर ठरते, हे त्याने १६३८ च्या ग्रंथात मांडले होते (दोराचे स्वतःचे वजन सोडून). पण त्याला रस होता तुटण्यात, लांबण्यात नव्हे.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. एका रबरबँडला हलके वजन टांगून वाढ मोजा. मग तसेच दोन रबरबँड एकाखाली एक जोडा. वाढ दुप्पट होईल. दोन शेजारीशेजारी लावा, निम्मी होईल. (रबर हुकचा नियम काटेकोरपणे पाळत नाही, म्हणून वजन हलकेच ठेवावे.) रबर तिन्ही वेळा तेच, मग बदलले काय, असे विचारावे आणि उत्तरासाठी जरा थांबावे.

याकोब बेर्नुलीने १७०५ मध्ये या भागाकारांची दिशा दाखवली. थॉमस यंगचा गुणांक आला १८०७ साली, पण त्याची व्याख्या वाचली तर डोके धरावे लागते. त्याने गुणांक सांगितला तो त्याच पदार्थाच्या एका काल्पनिक खांबाच्या रूपात. पोलादाचा हा खांब सुमारे २,६०० किलोमीटर उंच निघतो! प्रतिबल भागिले विकृती हे आजचे सुटसुटीत रूप १८२६ साली नाव्हिएने दिले. गुणांकाला त्याचे नाव पडले असते तरी चालले असते, असे आम्हाला वाटते.

प्रतिबलाची कल्पना पुरती उमगली ती कोशीला, १८२२ मध्ये. तारेच्या टोकाला वजन आहे हे दिसते; तिच्या आत काय चालले आहे? कोशीने पदार्थाच्या आत कुठेही एक काल्पनिक छेद घेतला आणि छेदाच्या एका बाजूचे द्रव्य दुसऱ्या बाजूला दर एकक क्षेत्रफळावर किती बलाने ओढते किंवा ढकलते, हे विचारले. स्थिर पाण्यातल्या दाबासारखेच हे. फरक एवढाच, की दाब छेदाला लंब असतो, हे बल तिरपेही असू शकते. तुळईला भेग कुठे पडेल, ते नुसत्या वरच्या वजनावरून कळत नाही; त्यासाठी हा आतला आकडा लागतो.

इंग्रजीत या दोन कल्पनांचे शब्द बराच काळ एकमेकांत मिसळलेले होते. १८५० च्या दशकात रँकिनने ते वेगळे केले. आपल्या पाठ्यपुस्तकांनीही प्रतिबल आणि विकृती असे दोन शब्द दिले आहेत. बोलताना मात्र आपण दोहोंना ताणच म्हणतो, आणि उत्तरपत्रिकेत तोच उतरतो.