तारपा : दाबलेल्या हवेचा इतिहास

डहाणू-तलासरीचा परिसर मराठी वाचकाला मुख्यतः दोन वाटांनी परिचित आहे. पहिली वाट १९४५ च्या वारली उठावाची; गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) तिच्यावरून आपल्याला नेते. दुसरी गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी जगापुढे नेलेल्या वारली चित्रांची. त्या चित्रांत तारपावादकाभोवती वळत जाणारा नाच आपण पाहतो. ऐकत मात्र नाही. या प्रदेशाच्या लिखित इतिहासात ध्वनीची जागा अशी रिकामीच राहिली आहे.

तारपा म्हणजे वाळवून पोकळ केलेला भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, प्रत्येक नळीच्या मुखाशी एक लवचिक जिभली आणि शेवटी ताडाच्या पानांचा करणा. वादक गालांत हवा राखून नाकाने श्वास घेतो, म्हणून भोपळ्यातला दाब तुटत नाही. ही दाबलेली हवा जिभलीखालून तुकड्या-तुकड्यांनी सुटते. प्रत्येक तुकडा दाबाची लाट होऊन नळीभर धावतो, उघड्या टोकाशी उलटतो आणि परत येऊन जिभलीची पुढची हालचाल ठरवतो. नळी अर्ध्या मीटरची धरली, तर या जाण्या-येण्याला सेकंदाचा सुमारे तीनशेवा भाग पुरतो. करणा जोडला की हिशेब बदलतो. लाटेचा काही भाग बाहेर पडतो, काही परततो.

हेल्महोल्ट्झने १८६३ मध्ये स्वरसंवेदनांवरील ग्रंथात अशा वाद्यांची शास्त्रीय मीमांसा केली. १९८३ मध्ये मॅकिंटायर, शूमाकर आणि वुडहाऊस यांनी जिभली व नळी यांचा हा संवाद क्षणाक्षणाने संगणकावर कसा मांडता येतो, ते दाखवले. विज्ञानाचा इतिहास ही नावे नोंदवतो. बांबूचे पेर हातात घेऊन, जिभली तासून, मेण चढवून किंवा काढून तीच लाट कानाने जुळवणाऱ्या कारागिराचे नाव त्यात नसते. त्याच्याकडे समीकरण नव्हते, ज्ञान मात्र होते.

संगणकीय प्रतिरूपाकडे म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकाने परकेपणाने पाहू नये. पाठचिकित्सेत आपण हस्तलिखितांचे पाठभेद पुसत नाही, नोंदवतो. प्रत्येक तारपा हाही एक स्वतंत्र पाठच आहे : भोपळ्याचा आकार निराळा, नळीचे छिद्र निराळे, जिभलीची जाडी निराळी. या मापांवाचून केलेले गणित एका ‘सरासरी’ तारप्याचे असेल, आणि तसा तारपा कोणीही कधी वाजवलेला नाही. मापे, ध्वनिमुद्रण आणि करणाऱ्याचे शब्द एकत्र नोंदले, तर मात्र तेच गणित ऐतिहासिक साधन ठरेल.

भोपळा किडतो, पान सुकते, मेण वितळते. ताम्रपटासारखा तारपा उत्खननात सापडणार नाही. तो जपायचा तर करणारे हात आणि ऐकणारे कान हयात असतानाच. हे काम पुढच्या पिढीच्या संशोधकांवर सोपवण्यासारखे नाही.